हैतीनें भरलेलें मोल

गुलामगिरी नष्ट झाल्यावर नुकसानभरपाई कोणाला मिळावी, गुलामाला कीं त्याच्या धन्याला? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु कॅरिबियन समुद्रांतील हैती देशापुढें तो उभा राहिला, आणि त्याचें उत्तर न्यायानें नव्हे, तर तोफांनीं दिलें.

हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग १६९७ पासून फ्रान्सच्या अंमलाखालीं होता. तेथील मूळचे ताइनो लोक त्यापूर्वींच्या स्पॅनिश अंमलांत सक्तीची मजुरी व देवीची सांथ यांना बळी पडून जवळजवळ नामशेष झाले होते. म्हणून आफ्रिकेंतून माणसें पकडून आणण्यांत आलीं. १७८९ च्या सुमारास गुलामांची संख्या पांच लाखांच्या घरांत होती. गोरे मात्र तीस हजारांच्या आसपास. उंसाच्या मळ्यांत हे गुलाम इतक्या लवकर मरत कीं, संख्या कायम राखण्यासाठीं जहाजें भरभरून नवे आणावे लागत.

ऑगस्ट १७९१ मध्यें त्यांनीं उठाव केला. तूसँ लूव्हेर्त्यूर हा एके काळचा गुलाम त्यांचा पुढारी झाला. फ्रान्सच्या क्रांतिकारक सभेनें १७९४ सालीं गुलामगिरी रद्द केली. पण नेपोलियननें धाडलेली फौज १८०२ मध्यें बेटावर उतरली. तूसँ कपटानें पकडला गेला व १८०३ च्या एप्रिलांत फ्रान्समधील एका थंडगार किल्ल्यांत वारला. तथापि बेटावरील लढवय्यांनीं आणि पीतज्वरानें फ्रेंच सैन्य खिळखिळें केलें. १ जानेवारी १८०४ रोजीं देसालीन यानें स्वातंत्र्य पुकारलें. देशाला नांव दिलें तें ताइनो लोकांचें: हैती, म्हणजे डोंगराळ भूमि. त्याच वर्षीं सूडाच्या भरांत उरल्यासुरल्या फ्रेंचांची कत्तल झाली, हेंहि लपवून चालणार नाहीं.

पुढें १८२५ मध्यें दहाव्या चार्ल्स राजानें युद्धनौका पाठवून बजावलें कीं, पंधरा कोटि फ्रँक द्याल तर तुमचें स्वातंत्र्य मान्य करूं. ही रक्कम मळेवाल्यांच्या नुकसानीदाखल होती, आणि त्या नुकसानींत गुलामांची किंमतहि धरलेली होती! ज्यांनीं बेड्या तोडल्या, त्यांनाच आपल्या देहाचें मोल भरावें लागलें. १८३८ मध्यें मागणी नऊ कोटींवर आली. परंतु पहिल्याच हप्त्यासाठीं पॅरिसच्या सावकारांकडून कर्ज काढावें लागलें होतें. त्यांतून वाढत गेलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालली. आपल्याकडे आजोबांचें कर्ज सावकाराच्या वहींत नातवाच्या नांवें चढे. येथें तें अख्ख्या राष्ट्राच्या नांवें चढलें.

हा केवळ फ्रान्सचाच न्याय नव्हे. ब्रिटननेंहि १८३३ च्या कायद्यान्वयें दोन कोटि पौंड मंजूर केले ते मालकांसाठीं. मुक्त झालेल्यांच्या हातीं कवडीहि पडली नाहीं.

हैतीच्या दारिद्र्याला अंतर्गत कलहादि इतरहि कारणें आहेत. परंतु ज्या देशाचा शाळांचा व रस्त्यांचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या परदेशीं गेला, त्याला नाकर्ता ठरविण्यापूर्वीं त्याच्या जमाखर्चाचें हें पान वाचावें, एवढीच विनंति.