बंद गिरणीच्या आवारात

मुंबईच्या लालबाग, परळ, शिवडी, भायखळा या भागांतील चाळींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना गिरणी आधी ऐकू येई आणि मग दिसे. पहाटेच्या काळोखात भोंगा झाला की खोल्याखोल्यांतून दिवे लागत आणि पहिल्या पाळीचे कामगार डबा हाती घेऊन फाटकाकडे निघत. 1854 साली कावसजी दावर यांनी स्थापन केलेल्या पहिल्या सूतगिरणीपासून वाढत गेलेला हा व्यवसाय 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर असा काही कोलमडला की, पुढे कित्येक फाटके कायमची बंद झाली. ज्या थोड्या आवारांच्या भिंती अद्याप उभ्या आहेत, तेथे रीतसर परवानगी काढून जाणारा मनुष्य बहुधा भिंतीत रुजलेला पिंपळ पाहून खिन्न होतो आणि परततो. परंतु ते ओसाड आवार हे एक दफ्तर आहे, दगडात, लोखंडात आणि फरशीत लिहिलेले. आणि ज्याला त्याची लिपी अवगत आहे, त्याला तेथे शोकापेक्षा पुष्कळ अधिक काही सापडते.

प्रथम छपराकडे पाहावे. विणाई खात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. प्रत्येक दात्याचा एक उतार बंदिस्त, तर उत्तरेकडील उभी बाजू काचेची. दक्षिणेचे प्रखर ऊन आत आले तर डोळे दिपतात आणि सूत कोरडे पडून तुटते. उत्तरेचा प्रकाश मात्र दिवसभर शांत आणि एकसारखा राहतो, आणि त्यातच तुटलेला बारीक धागा नजरेस येतो. सुताला ओलावा हवा असतो, म्हणून मुंबईची दमट हवा या धंद्याला मानवली. तरीही खात्यांत पाण्याचा तुषार सोडावा लागे, आणि त्या ओलसर उकाड्यात, कापसाच्या उडत्या तंतूंमध्ये, माणसे आठ-आठ तास उभी असत. कापडाचे हित आणि शरीराचे हित यांचा विरोध त्या छपराखाली रोजचाच होता.

कताईची यंत्रे मजल्यांवर चढवीत, पण मागांचा हादरा मोठा, म्हणून विणाई खाते बहुधा तळमजल्यावर. आवारातील तळे शोभेसाठी खोदलेले नसे. वाफेच्या इंजिनाला थंड पाणी पुरवण्यासाठी ते असे. उंच चिमणी धूर दूर नेई, त्याचबरोबर बॉयलरच्या भट्टीला वारा ओढून देई. म्हणूनच गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या मनोऱ्यांच्या अंगणात बॉयलरघराविना एकटी राखलेली चिमणी, वाक्यातून उपटलेल्या शब्दासारखी, अर्थहीन उभी असते. एखाद्या कोपऱ्यात पाळणाघराची खोली आढळते. 1948 च्या कारखाना अधिनियमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे ती बंधनकारक केली होती. गिरणीत स्त्रियाही राबत होत्या, याचा तो पक्का दाखला होय.

कधी भंगाराच्या ढिगात एखादा धोटा मिळतो. वीतभराहून लांब, कठीण लाकडाचा, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. हाताने गुळगुळीत झालेला. त्याच्या कुशीत जेथून सूत बाहेर पडते तेथे एक बारीक भोक असते. जुन्या पद्धतीच्या धोट्यात सूत ओवण्यासाठी विणकर त्या भोकाला ओठ लावून श्वासाने धागा ओढून घेत असे, आणि धाग्याबरोबर कापसाची धूळही छातीत जात असे. ती लाकडी वस्तू तळहातावर घेतली की, खोकल्याने जागणाऱ्या चाळीतील रात्रींचे कारण कळते.

या दफ्तराची दखल सरकारदरबारी निराळ्याच रीतीने घेतली गेली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, म्हाडास घरांसाठी आणि मालकास. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती सीमित केली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. या हिशेबात इमारत म्हणजे तिने व्यापलेली जमीन, एवढाच अर्थ उरला.

म्हणून माझी विनंती अशी की, पुढचे आवार मोकळे होण्यापूर्वी तेथील विणाई खात्यात राबलेल्या वृद्ध कामगाराला सन्मानाने तेथे न्यावे आणि त्याने दाखवलेली प्रत्येक जागा नकाशावर नोंदवून घ्यावी. तो बहुधा फरशीकडे बोट दाखवील. माग जेथे बोल्टांनी घट्ट आवळलेले होते, तेथे चार-चार भोके रांगेने दिसतात. दोन मागांमध्ये एक अरुंद वाट, आणि त्या वाटेवर पावलांनी झिजलेली जागा. एका माणसाने दोन माग सांभाळायचे, ही त्या वाटेची मर्यादा. तिसरा माग लादला जात असल्याच्या रोषाची 1928 च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात मोठी भर होती. हजेरीची पुस्तके केव्हाच रद्दीत गेली असतील. पण ती झीज मोजत रांगेने चालत गेले, तर कितीजण तेथे उभे होते हे आजही सांगता येते.