खांद्यातली गाठ आणि कोपराचा भार

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये वीसेक किलोमीटर अंतर. नोकरीसाठी चिगरी बसमध्ये दांडा धरून किंवा दुचाकीवरून रोज ते कापणाऱ्यांचे खांदे संध्याकाळी भरून येतात. तेल लावून वरवर चोळलं की घटकाभर बरं वाटतं, पण खवाट्याच्या आतल्या कडेला सुपारीएवढं काहीतरी टणक राहतंच.

त्या आतल्या थरापर्यंत जाणारी मालिश आता 'डीप टिश्यू मसाज' या नावाने महाग झाली आहे. या भागातल्या गरडी मनीत, म्हणजे आपल्या तालमीत, पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. हात पुरला नाही तर पायाने भार देतात. तेही आतवरच जातं. मात्र पैलवानाचं कमावलेलं शरीर जे सोसतं, ते दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या पाठीवर लादू नये.

पाठीचे स्नायू एकावर एक पसरलेले असतात. वर मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत उतरणारा ट्रॅपिझियस, त्याच्याखाली खवाटा मणक्याकडे ओढणारे ऱ्हॉम्बॉइड. एकदम जोर लावला की वरचा स्नायू बचावासाठी आवळतो आणि वाट बंद होते. म्हणून या कामात ताकदीपेक्षा सावकाशी मोठी. मला तर वाटतं, घाई असेल त्या दिवशी हे काम हाती घेऊच नये.

माणसाला सतरंजीवर किंवा घट्ट गादीवर पालथं झोपवा. कपाळाखाली टॉवेलची घडी, घोट्यांखाली उशी. करडईचं, तिळाचं, घरात असेल ते तेल कोमट करून पाचेक मिनिटं तळहाताने लांब हात फिरवा. मग जादा तेल पुसून काढा. हे पुष्कळजण विसरतात; हात घसरत राहिला तर आतला थर पकडीत येत नाही.

आता त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसा आणि कोपराखालचा हात मणक्यापासून दोन बोटं दूर, तिरपा टेकवा. दंडाने ढकलू नका, आपलं अंग पुढे झुकवा. भार आपोआप उतरतो. कमरेच्या वरपासून खांद्यापर्यंत जायला अर्धं मिनिट लागलं पाहिजे. टणक जागा लागली की तिथे अंगठा किंवा कोपराचं बोथट टोक ठेवून थांबा. साधारण अर्ध्या ते दीड मिनिटात दुखणं ओसरायला लागतं. नाहीच ओसरलं तर दाब वाढवू नका, पुढे सरका. नंतर त्या जागेवर आडवे, आखूड हात फिरवा. किती दुखतंय ते दहापैकी विचारत राहा; सहा-सातच्या वर जाऊ देऊ नका. श्वास रोखला, मूठ आवळली, की तोंडाने तो 'चालेल' म्हणाला तरी दाब कमी करायचा.

यात गाठ 'फुटते' ही समजूत खरी नाही. स्नायूंभोवतालचं चिवट आवरण हाताच्या दाबाने सहजी ताणलं जात नाही. सावकाश दाबामुळे मज्जासंस्था त्या स्नायूला आवळून धरण्याची आज्ञा सैल करते, असं आजचं मुख्य स्पष्टीकरण. मालिशने लॅक्टिक आम्ल निघून जातं हेही तसंच ऐकीव. ते व्यायामानंतर तासाभरात शरीर स्वतःच निस्तरतं.

मणक्यावर, मानेच्या पुढच्या बाजूला, काखेत, गुडघ्यामागे दाब द्यायचा नाही. तिथे हाड, शिरा किंवा नसा उघड्यावर असतात. शेवटच्या बरगड्यांखाली मूत्रपिंडं आहेत, तिथेही हात हलका. ताप, ताजी जखम, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारं औषध, यांपैकी काही असेल तर हा प्रकार टाळा. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला हातही लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, दाबाने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हातापायाला मुंग्या, बधिरपणा किंवा कमजोरी असेल तर दुखणं स्नायूचं नसून नसेचं असण्याची शक्यता असते. तेव्हाही आधी डॉक्टर.

संपल्यावर लगेच उठवू नका. कुशीवर वळवून, हाताचा आधार घेऊन सावकाश बसू द्या. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकतं, एक-दोन दिवसांत शमतं. तोवर खांदे हलके फिरवत राहावेत, आणि ठणका पुरता गेल्याखेरीज त्याच जागी पुन्हा कोपर टेकवू नये.