टँकसाठी जिवंत वनस्पतींची निवड

घरच्या गोड्या पाण्याच्या टँकमध्ये वनस्पती शोभेपेक्षा कितीतरी मोठे काम करतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठत जातो. माशांना तो घातक असतो, वनस्पतींचे मात्र ते अन्न असते. वाढत्या वनस्पतींनी हे अन्न शोषून घेतले की शेवाळाला फारसे काही उरत नाही. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडलेल्या प्रयोगात गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया एकत्र ठेवले होते. पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. आजही पाण्यातली बाग उभी राहते ती याच देवाणघेवाणीवर. म्हणून वनस्पती निवडताना रंगरूप शेवटी पाहावे. आधी प्रकाश, पाणी आणि मासे पाहावेत.

टँकबरोबर मिळणारा दिवा बहुतेक वेळा साधा असतो आणि त्याच्या उजेडात सावलीत वाढणाऱ्या वनस्पतीच टिकतात. दुकानात लालबुंद दिसणाऱ्या जातींना तीव्र प्रकाश, वरून सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि नियमित खत लागते. हे तिन्ही नसेल तर लाल पान हिरवे पडते, मग खालची पाने गळतात. दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. प्रकाश कमी पडतो म्हणून टँक खिडकीतल्या थेट उन्हात ठेवला तर शेवाळ हमखास माजते.

पाण्याचा विचार क्वचितच केला जातो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून मिळणारे पाणी मृदू असते. तर दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त आणि जड असते. जड पाण्यातही व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला छान वाढतात, कारण पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही त्यांना कार्बन घेता येतो. बोअरचे पाणी असलेल्या घरी यांच्यापासूनच सुरुवात करावी. उन्हाळ्याचेही तसेच. एप्रिल-मे महिन्यांत टँकमधले पाणी तिशी ओलांडते आणि थंड पाण्याच्या वनस्पती तेव्हा पिवळ्या पडू लागतात.

नवशिक्यांसाठी सर्वांत भरवशाच्या दोन वनस्पती म्हणजे जावा फर्न आणि पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास. दोघींनाही उजेड कमी लागतो, दोघींची पाने जाड आणि चिवट असतात. दोघींचे आल्यासारखे आडवे खोड असते आणि ते वाळूत पुरले की कुजते. बहुतेक जणांच्या हातून या वनस्पती मरतात त्या याच कारणाने. खोड लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधावे, मुळे हळूहळू स्वतःच पकड घेतात. जावा फर्नच्या पानामागे तपकिरी ठिपके दिसले तर घाबरू नये. ते बहुधा बीजाणूंचे पुंजके असतात. जुन्या पानांच्या कडेला इवलीशी रोपे फुटतात, ती तोडून वेगळी लावता येतात. अनुबियास फार सावकाश वाढतो, त्यामुळे त्याच्या पानांवर शेवाळ लवकर बसते. त्याला दिव्याच्या थेट खाली न ठेवता कडेच्या सावलीत जागा द्यावी.

वाळूत मुळे रोवणाऱ्यांत क्रिप्टोकोरिन हा चांगला गट आहे. त्याच्या काही जाती कोकण आणि गोव्याच्या ओढ्यांत मूळच्याच आहेत. नव्या टँकमध्ये लावल्यावर त्याची पाने आठवड्याभरात विरघळल्यासारखी गळून पडतात. हे पाहून रोप मेले असे समजून उपटू नये. मुळे शाबूत असतील तर नवी पाने येतात. ॲमेझॉन स्वोर्ड मोठा होतो, त्याला खोल वाळू आणि मुळाशी खताची गोळी लागते. दोन फुटी टँकमध्ये असे एकच रोप पुरे. मागच्या बाजूला उंच रांग हवी असेल तर व्हॅलिसनेरिया लावावा. तो धावत्या फांद्यांनी पसरतो.

नव्या टँकमध्ये सुरुवातीला झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती भरपूर असाव्यात, कारण अमोनिया त्याच जास्त शोषतात. हॉर्नवर्टला मुळेच नसतात, तो नुसता तरंगत ठेवला तरी वाढतो. वॉटर विस्टेरिया भारतातलीच. पाण्याबाहेर वाढली तर तिची पाने अखंड असतात, पाण्याखाली आलेली नवी पाने खोल कातरलेली, नाजूक होतात. एकाच फांदीवर दोन्ही प्रकारची पाने दिसतात तेव्हा दुकानदाराने फसवले असे वाटते, पण रोप तेच असते. रोपवाटिकांत बहुतेक जलवनस्पती हवेतच वाढवतात. म्हणून घरी आणल्यावर जुनी पाने गेली तरी चालते, नवी कशी येतात ते पाहावे.

खरी फसवणूक वेगळी असते. लकी बांबू, सिंगोनियम अशी जमिनीवरची रोपे जलवनस्पती म्हणून विकली जातात. ती पूर्ण बुडवली की महिन्या-दोन महिन्यांत कुजतात आणि पाणी खराब करतात. खोड कडक, पान मेणचट आणि पाण्याबाहेर काढल्यावरही ताठ उभे राहात असेल तर शंका घ्यावी. मात्र अनुबियासची पानेही कडक असतात, तेव्हा नाव विचारून खात्री करून घेतलेली बरी.

माशांचाही विचार हवा. गोल्डफिश कोवळी पाने कुरतडतात आणि ऑस्कर वाळू उकरून रोपे उपटतो. अशा टँकमध्ये लाकडाला बांधलेले जावा फर्न आणि अनुबियासच टिकतात. गप्पी, मोली, टेट्रा यांच्यासोबत जवळजवळ काहीही चालते. त्यातही जावा मॉसच्या झुबक्यात गप्पींची पिल्ले लपून वाचतात. रोपे आणताना मुळांभोवतीची शिशाची पट्टी आणि कापसासारखा धागा काढून टाकावा, पाने धुवून गोगलगाईंची अंडी पाहावीत.

निसर्गातून उचलून आणण्याच्या फंदात मात्र पडू नये. कास पठारावरचा वायतुरा सातारा भागाबाहेर फारसा कुठे सापडत नाही आणि तो धोक्यात आहे. पावसाळ्यात उगवणारी ही वनस्पती टँकमध्ये रुजण्याची शक्यताही कमी. उलट दिशेनेही तेवढीच काळजी हवी. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर गेलेली जलपर्णी आज पंचगंगा आणि इंद्रायणीचे पाणी झाकून टाकते. टँकमधली छाटणी, जास्तीचा हॉर्नवर्ट किंवा तरंगती रोपे नदी-नाल्यात, तळ्यात सोडू नयेत. उन्हात वाळवून झाडांच्या खतात घालावीत.