लहान मुलांसोबत सिंगापूरला जाताय? सगळ्यांचं नेट एकाच फोनवर ठेवू नका

घरात फोनचं सगळं बघणारे तुम्हीच असाल, तर परदेशाची ट्रिप ठरली की पहिला प्रश्न तुम्हालाच येतो, "नेटचं काय करायचं रे?" आमच्या घरात हे खातं माझ्याकडे. मागे ताई, भावोजी आणि त्यांच्या दोन मुलांबरोबर सिंगापूरला गेलो होतो. भाचा सहा वर्षांचा, भाची तीन वर्षांची. मी हुशारी केली. एकच ईसिम घेतलं, माझ्या फोनमध्ये टाकलं आणि बाकीच्यांना हॉटस्पॉट दिला. दोन प्लॅनचे पैसे वाचले म्हणून खूशही होतो.

तिसऱ्या दिवशी सेंटोसाला निघालो. भावोजी हॉटेलवर झोपले होते. डोबी घाट नावाचं मोठं मेट्रो स्टेशन आहे (हो, आपला धोबी घाटच, नाव तिथूनच आलंय), तिथे तीन लाइन एकत्र येतात. गर्दीत मी भाच्याचा हात धरून डब्यात चढलो आणि मागे दार बंद झालं. ताई, स्ट्रोलर आणि भाची प्लॅटफॉर्मवर. "मामा, आई राहिली!"

मी पुढच्याच क्लार्क की स्टेशनवर उतरून थांबलो. ताईने विचार केला, शेवटचं स्टेशन हार्बरफ्रंट, तिथेच जायचंय, तिथे भेटू. ती पुढच्या गाडीने थेट तिकडे गेली. दोघंही बरोबर वागलो आणि तरी पाऊण तास चुकामूक. माझ्या फोनपासून लांब गेल्यावर तिचं नेट बंद. भारतातलं सिम रोमिंगशिवाय, म्हणजे साधा कॉलही नाही. भाचा रडून दमला, तेव्हा कुठे मी हार्बरफ्रंटला गेलो. ताई गेटजवळ पांढरी पडून उभी होती.

म्हणून पहिली गोष्ट: प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये स्वतःचं नेट हवं. फोनमध्ये ईसिम चालतं का ते बघायला *#०६# डायल करा. ईआयडी नावाचा मोठा नंबर दिसला तर चालतं. ईसिम घरच्या वायफायवरच टाकून ठेवा, विमानतळावर रडणारं मूल कडेवर घेऊन क्यूआर कोड स्कॅन करत बसू नका. आता सेटिंग नीट बघा, बहुतेक लोक इथेच चुकतात. डेटासाठी ईसिम निवडायचं आणि त्याचं डेटा रोमिंग चालू करायचं. भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद, पण सिम बंद करायचं नाही. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. त्यासाठी निघण्याआधी कंपनीकडून इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या आणि कॉल-एसएमएसचे दर विचारून ठेवा. व्हॉट्सअॅपने नवा नंबर वापरायचा का विचारलं तर जुनाच ठेवा.

आणखी एक. प्रवाशांसाठी मिळणारे बरेच ईसिम फक्त डेटाचे असतात, त्यांना फोन नंबरच नसतो. म्हणजे तुमचं हरवलेलं मूल कुणाला सापडलं, तर तो माणूस तुम्हाला कॉल करणार कुठे? एक तर रोमिंग चालू असलेला +९१ वाला नंबर द्या, नाहीतर निदान एका फोनमध्ये तिथलं नंबर असलेलं टुरिस्ट सिम घ्या.

मेट्रोत व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करून जाता येतं. पण भारतातल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करावे लागतात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी वापर आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही बटणं चालू करा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. आत जाताना जे टॅप केलं तेच बाहेर पडताना. तेच कार्ड फोनच्या वॉलेटमध्ये असलं, तरी मशीनसाठी फोन आणि प्लास्टिक हे दोन वेगळे प्रवासी असतात. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांबरोबर फुकट जातं. त्याहून उंच पण सात वर्षांखालच्या मुलासाठी चाइल्ड कन्सेशन कार्ड असतं, पासपोर्ट घेऊन तिकीट ऑफिसात विचारा. आणि हो, मेट्रोत बिस्किटसुद्धा खाऊ देऊ नका, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. मुलांना हे समजावणं कुठल्याच अॅपला जमत नाही.

स्ट्रोलर असेल तर गूगल मॅप्समध्ये बस-मेट्रोचा रस्ता शोधताना पर्यायांमध्ये व्हीलचेअरवाला मार्ग निवडा, जिने टळतात. ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्यात बस-मेट्रोचे आणि पायी चालायचे मार्ग मिळत नाहीत. हॉटेलच्या पत्त्याचा आणि मेट्रोच्या नकाशाचा स्क्रीनशॉट मात्र प्रत्येक फोनमध्ये हवाच. कॅब मागवताना मुलांच्या सीटचा पर्याय बघा. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला अॅपच्या खासगी गाडीत चाइल्ड सीट लागते, टॅक्सीला यातून सूट आहे.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. विमानात साधारण १०० वॉट-अवरची मर्यादा असते. २०,००० एमएएचची बँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवर, चालते. सॉकेट चौकोनी तीन पिनांचं असतं, आपला चार्जर बसत नाही, अॅडॉप्टर न्या. जाण्याआधी भरायचं एसजी अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर फुकट आहे. पोहोचण्याच्या दिवसासकट तीन दिवस आधी ते भरता येतं, आणि तान्ह्या बाळाचंही वेगळं लागतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

आता मुलांच्या खिशात टॅग ठेवावा का? एअरटॅगमध्ये जीपीएस नसतं. जवळून जाणारे आयफोन त्याचा ब्लूटूथ सिग्नल पकडतात आणि जागा कळवतात, त्यामुळे दिसते ती थोड्या वेळापूर्वीची जागा. सिंगापूरच्या गर्दीत तो बरा चालतो, पण ॲपल स्वतः म्हणतं की तो वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही. त्यातली बटण बॅटरी लहान मुलाने गिळली तर जिवावर बेतू शकतं. तीन वर्षांच्या भाचीला तर मी तो देणार नाही.

त्याऐवजी रोज सकाळी हॉटेलमधून निघताना मुलांचा पूर्ण उंचीचा एक फोटो काढा. आज कुठला शर्ट घातलाय हे घाबरल्यावर आठवत नाही, ताईला त्या दिवशी आठवत नव्हतं. मोठ्यांनी एकमेकांना व्हॉट्सअॅपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन द्या. पोलिसांचा ९९९ आणि अॅम्ब्युलन्सचा ९९५ नंबर सेव्ह करा. आणि एक ठरवून टाका: दार बंद झालं तर मागे राहिलेल्याने जागेवरून हलायचं नाही, पुढे गेलेल्याने परत यायचं. हे आम्ही त्याच संध्याकाळी ठरवलं, भाच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मुलांच्या खिशात +९१ सकट नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठीही ठेवली. भाचीने ती पहिल्याच दिवशी पाण्यात भिजवली, तेव्हापासून ताई तिच्या हातावर पेनने नंबर लिहिते.