तीन पिढ्या, एक टीव्ही, आठ ॲनिमेशनपट

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीतली घरं भरून जातात. मुंबई-पुण्याची मुलं-नातवंडं येतात, अंगणात किल्ला उभा राहतो, फराळाचे डबे रिकामे होऊ लागतात आणि दुपारी टीव्हीपुढे बसल्यावर वाद सुरू होतो: लावायचं काय? आजीला मारामारी नको, बाबांना रडारड नको आणि नातवाला ‘बोअर’ नको. या तिढ्यावर ॲनिमेशनपट हा उत्तम तोडगा आहे. अडचण एवढीच, की ‘कार्टून म्हणजे पोरांचं’ असं म्हणून मोठी माणसं आधीच उठून जातात. त्यांना बसवून ठेवतील अशा आठ कृतींची ही क्रमवारी, आठव्यापासून पहिल्यापर्यंत.

कसोट्या तीन लावल्या. तीन पिढ्यांपैकी कुणीही मधेच उठता कामा नये, ही पहिली. गोष्ट चित्रातूनच सांगण्याजोगी हवी, ही दुसरी. नट उभे करून तीच मजा आली असती, तर एवढी चित्रं काढायचा खटाटोप कशाला? आणि तिसरी, दहा वर्षांनी पुन्हा पाहताना काहीतरी नवं सापडावं. तांत्रिक सफाईला मात्र मी वेगळे गुण दिलेले नाहीत. त्याचं कारण आपल्याच मुलखात आहे.

१९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असलेलं आणि आता सिंधुदुर्गात गेलेलं कुडाळजवळचं पिंगुळी हे चित्रकथीचं गाव. तिथले ठाकर कलावंत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून प्रेक्षकांपुढे धरतात आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गाऊन गोष्ट सांगतात. चित्रांच्या एका संचाला पोथी म्हणतात. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ही कला वाढली. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावरचं चित्र तसूभरही हलत नाही, तरी समोरच्याला युद्ध दिसतं, कारण हलवण्याचं काम आवाज करतो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी ८० मिनिटांच्या चित्रपटाला साठ हजारांच्या आसपास चित्रं लागतात. तेवढी काढूनही गोष्ट जागची हलत नसेल, तर पिंगुळीकरांची पोथी बरी. ही क्रमवारी लावताना हाच धडा समोर ठेवला आहे.

आठवा : स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स (१९३७)

वॉल्ट डिस्ने लांबलचक कार्टून काढतोय म्हटल्यावर हॉलिवूडने त्याला वेड्यात काढलं होतं. त्याने घर गहाण टाकलं, खर्च पंधरा लाख डॉलरच्या घरात गेला आणि २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पहिला खेळ झाला, तेव्हा प्रेक्षक काढलेल्या बुटक्यांबरोबर खरोखरचे रडले. पुढे ऑस्करवाल्यांनी डिस्नेला एक मोठी आणि सात चिमुकल्या बाहुल्या दिल्या. इतिहासात याचा मान मोठा, पण आज पाहताना राजपुत्र अगदीच पोकळ वाटतो आणि स्नो व्हाइट घरकामातून डोकं वर काढत नाही. चित्रपट तगतो तो सात बुटक्यांवर. प्रत्येकाची चाल वेगळी, रुसणं वेगळं. यादीत तो त्यांच्यासाठी आहे.

सातवा : हनुमान (२००५)

व्ही. जी. सामंत यांचा हा चित्रपट २००५ च्या दिवाळीच्या तोंडावर लागला आणि भारतीय ॲनिमेशनपटालाही तिकीटबारीवर गर्दी होऊ शकते हे त्याने दाखवून दिलं. बाळ हनुमानाच्या खोड्यांचा भाग झकास जमला आहे. हनुमान मोठा झाला, की मुकेश खन्नांचा भारदस्त आवाज येतो आणि गोष्ट रामायणाचे टप्पे भराभर उरकू लागते. पहिल्या अर्ध्या भागासाठी सातवा.

सहावा : द जंगल बुक (१९६७)

मोगलीचा जन्मदाता रुडयार्ड किपलिंग मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ मध्ये जन्मला. त्याचे वडील तिथे शिकवत. कथा घडते मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या रानात. डिस्नेने किपलिंगचं गंभीर रान बाजूला सारून तिथे गाणी आणि धम्माल भरली. डिसेंबर १९६६ मध्ये तो वारला आणि त्याने जातीने लक्ष घातलेला हा शेवटचा ॲनिमेशनपट त्याच्या पश्चात झळकला.

आपल्या पिढीचा मोगली मात्र वेगळा. जपानमध्ये १९८९ साली बनलेली बावन्न भागांची मालिका नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीत आली, गुलजारांच्या शब्दांचं आणि विशाल भारद्वाजच्या चालीचं शीर्षकगीत घेऊन. त्या रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडत. त्यातल्या शेरखानला आवाज होता मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. कोकणी माणसाचा तो खर्ज ऐकलेल्याला डिस्नेचा सभ्य, साहेबी शेरखान वाघ वाटतच नाही. मालिका या यादीच्या नियमात बसत नाही, नाहीतर ती बरीच वर गेली असती.

पाचवा : फाइंडिंग निमो (२००३)

संगणकावर केलेल्या चित्रपटांपैकी यादीत आलेला हा एकटाच. बायको आणि अंडी गमावलेला, म्हणून उरलेल्या एका पिल्लाला पंखाखाली दाबून ठेवणारा बाप मासा आणि त्या पिल्लाला शोधायला अख्खा समुद्र तुडवणं, एवढीच गोष्ट. मुलांना ती साहस वाटते, आईबापांना स्वतःवरची टीका. नोकरीसाठी मुलगा लांब गेलेल्या आजोबांना तिसरंच काही दिसत असणार.

रत्नागिरीत तो पाहण्याची गंमत आणखी निराळी. इथल्या सागरी मत्स्यालयात मुलांना रंगीत मासे काचेआड दाखवता येतात आणि काचेतल्या माशांची कैफियत चित्रपटात ऐकवता येते. शेवटी मासे जाळ्यात सापडतात आणि सगळे मिळून खालच्या दिशेने जोर लावतात. मिरकरवाडा बंदराशेजारी वाढलेला प्रेक्षक तो प्रसंग जाळ्याच्या दोन्ही बाजूंनी पाहतो. ताटात बांगडा आणि डोळ्यांत निमोसाठी पाणी, हे आपल्याकडे एका वेळी शक्य आहे.

चौथा : द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आखमेद (१९२६)

आज पाहायला मिळणारा पूर्ण लांबीचा सर्वांत जुना ॲनिमेशनपट डिस्नेचा नाही, तो लोट्टे रायनिगर या जर्मन बाईंचा आहे. काळा पुठ्ठा कातरून त्यांनी आकृत्या केल्या, सांधे तारेने जोडले, खालून उजेड सोडला आणि वरून एकेक चौकट टिपत तीन वर्षं काढली. गोष्ट अरबी सुरस कथांतली: उडता घोडा, जादूगार, अल्लाउद्दीन. आकृत्यांना चेहरे नाहीत, संवाद नाहीत. राग, लाज, कपट सारं मानेच्या आणि बोटांच्या वळणातून कळतं.

पिंगुळीचे कलावंत चामड्याच्या छायाबाहुल्याही नाचवतात. त्यांचा खेळ पाहिलेल्याला या चित्रपटाची भाषा शिकावी लागत नाही. नातवंडं पहिली पाच मिनिटं चुळबुळ करतील. तेवढा वेळ आजीने चित्रकथीकाराची भूमिका घ्यावी आणि गोष्ट सांगत राहावं. मूकपटात बोलायला भरपूर जागा असते.

तिसरा : रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स रामा (१९९३)

युगो साको हा जपानी माहितीपटकार शृंगवेरपूरच्या उत्खननावर काम करायला भारतात आला आणि रामायणात गुंतून पडला. राम देव आहे, तेव्हा त्याची भूमिका माणसाने करण्यापेक्षा तो चित्रात आणावा, असं त्याचं म्हणणं. परदेशी माणूस रामाचं कार्टून काढणार या बातमीने इथे विरोध झाला, पण काम थांबलं नाही. भारताच्या बाजूने सूत्रं हाती घेतली राम मोहन यांनी. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग निघाला, तेव्हा डिस्नेकडे काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या पहिल्या तुकडीतले ते. धोतर कसं नेसतात, नमस्कार करताना हात कसे जुळतात, हे जपानी चित्रकारांना समजावून देण्याचं काम भारतीय मंडळींनी केलं. लाखभर चित्रं हाताने काढली गेली. संगीत वनराज भाटियांचं, संस्कृत गीतं वसंत देव यांची. हिंदी आवृत्तीत रामाला आवाज अरुण गोविलांचा, रावणाला अमरीश पुरींचा.

इतकं होऊनही तेव्हा तो चित्रपटगृहांत नीट पोचला नाही. पुढच्या पिढीने तो टीव्हीवर पाहिला आणि डोक्यावर घेतला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्याने साफ करून देशभर झळकला. आजीला गोष्ट पाठ आहे, नातवाला युद्ध हवं आहे, मधल्या पिढीला हातचं काम पाहायचं आहे: तिघांचंही भागतं. लांबी सव्वादोन तासांची आहे, त्यामुळे मध्यंतरात चहा ठेवावाच लागतो. तिसरा क्रमांक त्या लांबीपायी.

दुसरा : माय नेबर टोटोरो (१९८८)

हायाओ मियाझाकींच्या या चित्रपटात खलनायक नाही, लढाई नाही. आई इस्पितळात, म्हणून दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. घरामागे कापराचा प्रचंड वृक्ष, त्याला बांधलेला पवित्र दोर, आणि त्या झाडात राहणारा केसाळ, जांभया देणारा टोटोरो. तो फक्त मुलींना दिसतो.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावोगाव देवराई आहे, तिथली काडी मोडायची नाही हे लहानपणीच कानावर पडलेलं असतं, आणि जागेला राखणदार असतो यावर निम्म्या घरांत अजून वाद होत नाही. वडीलही मुलींना हसत नाहीत, उलट झाडापुढे वाकून नमस्कार करायला लावतात. भर पावसात एसटीची वाट पाहणं हा तर आपला जन्मसिद्ध अनुभव. या चित्रपटातल्या बसथांब्यावर मुलगी पेंगुळलेल्या बहिणीला पाठीवर घेऊन वडिलांची वाट पाहत उभी आहे, शेजारी टोटोरो येऊन उभा राहतो, आणि त्याला देऊ केलेल्या छत्रीवर वरून टपोरे थेंब पडले की तो हरखतो. त्या प्रसंगात फार काही हलत नाही. पाऊस पडतो, दोघे उभे असतात. मियाझाकींची स्वतःची आई बरीच वर्षं क्षयाने अंथरुणाला खिळून होती. मुलांना वाटणारी आजाराची धास्ती त्यांनी इतकी अचूक का पकडली, ते त्यावरून कळतं.

पहिला : एक, अनेक और एकता (१९७४)

होय, सात मिनिटांचा लघुपट. ‘चित्रपट’ म्हणून त्याला यादीत घेण्यावर घरातच आक्षेप आला, पण माझ्या तिन्ही कसोट्यांवर तोच अव्वल ठरतो. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसैन यांचं, संगीत वसंत देसाईंचं. ताई धाकट्या भावाला ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतला फरक सांगते, मग गोष्ट येते पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या पाखरांची. ती एकदम पंख मारून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडतात. मूळ कथा पंचतंत्रातली. तीस वर्षांनी निमोतल्या माशांनी हीच युक्ती उलट्या दिशेने केली.

दूरदर्शनने ती सात मिनिटं इतक्या वेळा दाखवली, की चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही सुरुवातीचे सूर ऐकवा, पुढचं तो म्हणून दाखवील. चित्रं मोजकी, रेषा साध्या, हालचाली काटकसरीच्या. सारी गोष्ट पेलली आहे आवाजांनी आणि चालीने. वसंत देसाई कुडाळकडच्या सोनवड्याचे, पिंगुळीच्याच परिसरातले. त्यातलं गाणं गाणारा कोवळा आवाज साधना सरगम यांचा, आणि त्यांचा जन्म आपल्या जिल्ह्यातल्या दाभोळचा. शेवटी मुलं झाडावरचे आंबे काढायला एकत्र येतात, याहून जास्त रत्नागिरीकराने काय मागावं? झेला हातात नसताना आंबे कसे उतरवायचे, यावर आपले आजोबा त्या मुलांना दोन शब्द सुनावतील, तेवढंच.

यादीबाहेर राहिलेल्यांपैकी दोघांचा उल्लेख न करणं अन्याय होईल. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. ती फीत आज उपलब्ध नाही, म्हणून क्रमांक नाही. १९३४ मध्ये प्रभातने पुण्यात रघुनाथ केळकरांकडून ‘जंबूकाका’ हे कार्टून करून घेतलं. इतक्या लवकर सुरुवात केलेल्या मराठीला अजून पूर्ण लांबीचा, तीन पिढ्यांना धरून ठेवणारा स्वतःचा ॲनिमेशनपट मिळालेला नाही, असं माझं मत आहे. पैसा नाही हे कारण दरवेळी पुढे येतं. पण मुळे-भीमसैन-देसाई यांनी सात मिनिटांत जे केलं, त्यात खर्चापेक्षा कान आणि डोकं जास्त होतं, आणि पिंगुळीच्या पोथ्यांत चित्रं आणि चाली दोन्ही तयार आहेत.

या दिवाळीत क्रम असा ठेवावा: पहिल्या दिवशी ‘एक, अनेक’ आणि लगेच निमो, कारण जाळ्याचे दोन्ही प्रसंग लागोपाठ पाहण्यात मजा आहे. पावसाची सर आली तर टोटोरो. पाहुण्यांनी घर भरलेलं असेल त्या दिवशी रामायण. आखमेद रात्री, दिवे मालवून. क्रमवारी पटली नाही तर घरातच मतदान घ्या. फक्त मधेच उठून गेलेल्याला मत नाही, आणि आजीच्या मताचं वजन दुप्पट.