कंबर का दुखते? सुईला विचारा!

पुण्यात विश्रांतवाडीच्या चौकात सकाळी सिग्नलला थांबलेल्या दुचाक्या पाहा. येरवडा-खराडीकडे निघालेल्यांत कुणाच्या तरी शर्टाखालून कमरेचा पट्टा डोकावतोच. त्याने एमआरआय काढलेला असतो आणि ‘नस दबलीय’ हे वाक्य त्याला पाठ असते. पण दुखतेय ते त्या नसेमुळेच, हे कशावरून?

शंका फाजील नाही. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर मणक्यांमधल्या सगळ्या चकत्या ठाकठीक असलेले निघाले अवघे ३६ टक्के! चकती फुगलेली आणि माणूस मजेत. दुखणे फोटोत येतच नाही मुळी. मग ते पकडायचे कसे?

घरात कुठली वायर शॉर्ट झालीय हे पाहताना वायरमन एकेक फ्यूज काढतो ना, तसेच. ज्या नसेवर संशय ती थोडा वेळ बंद करायची आणि रोग्याला म्हणायचे, “आता वाका पाहू!” इंजेक्शनने नस अशी बंद करणे म्हणजेच नर्व्ह ब्लॉक. तो म्हटले की आपल्याला उपचार आठवतो, पण पुष्कळदा ते इंजेक्शन आधी तपासणी असते.

मणक्यांच्या मागे दोन्ही बाजूंना छोटे सांधे असतात, फॅसेट जॉइंट. जुनाट कंबरदुखीत हे हमखास संशयित. गंमत अशी की अशा प्रत्येक सांध्याला वरच्या-खालच्या दोन पातळ्यांवरून नसेच्या बारीक फांद्या येतात. सांधा एक, पण गप्प करायच्या नसा दोन.

रोगी पालथा झोपतो, पोटाखाली उशी. सी-आर्म नावाचे कमानदार एक्स-रे यंत्र तिरपे फिरवले की पडद्यावर मणक्याच्या जागी चक्क कुत्रा उभा राहतो! नाक, कान, पाय, सगळे जागच्या जागी. डॉक्टरमंडळी त्याला ‘स्कॉटी डॉग’च म्हणतात. सुईचे टोक न्यायचे ते त्या कुत्र्याच्या डोळ्याच्या वरच्या भागाकडे. औषध किती? फार तर अर्धा मिलिलिटर. जास्त सोडले तर शेजारच्या नसाही बधीर होणार आणि उत्तर भलतेच येणार.

हे औषध बहुधा लिडोकेनच्या घराण्यातले. दाताच्या डॉक्टरकडचे झायलोकेन म्हणजे लिडोकेनच. त्याचा उगम सापडतो बार्लीत! स्वीडनमध्ये बार्लीतल्या एका द्रव्याचा अभ्यास चालू असताना होल्गर एर्टमन यांनी त्याच्याशी नाते सांगणारे एक रसायन बनवले, चाखून पाहिले आणि जीभ बधीर झाली. तो धागा पुढे नेत नील्स लोफग्रेन यांनी १९४३ साली लिडोकेन तयार केले.

ते काम करते कसे? नसेतून संदेश धावतो तो सोडियमचे कण आत घुसल्यामुळे, नसेच्या आवरणातल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून. औषध ती छिद्रे बुजवते, तेही आतून! आधी आवरणातून झिरपून आत जाते, तिथे विद्युतभार घेते आणि मग आतल्या बाजूने छिद्रात जाऊन बसते. रसायनाला ही युक्ती सुचली कुठून, असेच वाटते.

पण नुसत्या सुई टोचल्याच्या समाधानानेही माणसाला बरे वाटतेच की! यावर काढलेली तोड मला फार आवडते. एकदा थोडा वेळ टिकणारे औषध द्यायचे, दुसऱ्यांदा जास्त वेळ टिकणारे. कुठले कधी दिले ते रोग्याला सांगायचे नाही. त्याने फक्त आराम किती वेळ वाटला ते लिहून ठेवायचे. त्याच्या वहीतले तास औषधांच्या तासांशी जुळले, तर संशयाला चांगले बळ मिळते.

मग खरा उपचार. त्याच जागी खास सुई नेऊन आधी हलका विद्युतप्रवाह सोडतात. पाय उडाला तर सुई मुख्य नसेच्या फार जवळ आहे, ती हलवायची. पाय शांत असेल तर सुमारे ८० अंश सेल्सिअस उष्णता, मिनीट-दीड मिनीट. फांदी भाजते, संदेश थांबतो.

हे प्रत्येक कंबरदुखीला लागू पडत नाही. आणि पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर सुईचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भाजलेली नस मेली म्हणावे, तर तेही नाही. तिच्या पेशीचा गाभा मज्जारज्जूशेजारच्या गाठीत सुखरूप असतो. तिथून तंतू पुन्हा वाढू लागतो आणि बहुधा सहा महिने ते वर्षभरात सांध्यापर्यंत पोचतो. या मोकळ्या महिन्यांत व्यायामाने पाठीचे स्नायू घट्ट करून घ्यायचे. दुखणे परतलेच, तर तीच फांदी पुन्हा भाजता येते.