घरातली हिरवाई (भाग ४) : मुळांना हवा हवी

बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे, आणि उरलेल्यात बघावं तिकडे धान. साल, सागवान, बांबू बघत लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसाला झाडं वाढवायला शिकवणं म्हणजे आगाऊपणाच. तरीही वाराशिवनी, कटंगी, लांजी, कुठेही जा, बैठकीतल्या टीव्हीशेजारची कुंडी काही टिकत नाही. आणि तक्रार सगळीकडे एकच: "रोज पाणी देतो, तरी मेलं." रोज पाणी दिलं म्हणूनच ते मेलं.

गेल्या आठवड्यात उजेडाचं बोललो. आज पाण्याचं बोलू, कारण नवख्या माणसाची झाडं दुर्लक्षापेक्षा काळजीनेच जास्त मरतात. त्यातही आपल्या भागात एक खास अडचण आहे. धानाच्या बांधीत पाणी तुंबलेलं दिसलं की आपल्याला बरं वाटतं. आपली नजरच तशी तयार झाली आहे. पण धानाची गोष्ट वेगळी. त्याच्या खोडात आणि मुळांत पोकळ नळ्यांसारखी जाळी असते आणि पानांकडून आलेली हवा तिच्यातून थेट चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. कुंडीत लावतो त्या बहुतेक झाडांकडे अशी सोय नाही. त्यांची मुळं मातीच्या कणांमधल्या फटींतली हवा घेतात. या फटी पाण्याने भरल्या की हवेची वाट बंद होते, कारण ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. मुळं गुदमरतात, मग सडतात. सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं माना टाकतात. घरातल्या माणसाला वाटतं तहान लागली, आणि तो आणखी एक तांब्या ओततो.

मग मनीप्लांट बाटलीतल्या नुसत्या पाण्यात कसा जगतो, असं कोणीही विचारेल. पाण्यात फुटलेली मुळं पाण्याच्या सवयीनेच वाढलेली असतात, आणि बदलत राहिलेल्या स्वच्छ पाण्यात थोडा ऑक्सिजन असतोच. ओल्या गच्च मातीत मात्र जो काही असेल तो सूक्ष्मजीव आधी संपवतात. म्हणूनच बाटलीतला वेल मातीत लावला की आठ-पंधरा दिवस रुसल्यासारखा दिसतो. तो नवी मुळं काढत असतो.

आता कुंडीकडे वळू. रोपवाटिकेतून काळ्या पिशवीत रोप आणता तेव्हा मुळांभोवती बहुधा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. देशभरातल्या नर्सऱ्यांना रोपं पुरवणारं एक मोठं केंद्र आंध्र प्रदेशात, राजमहेंद्रवरमजवळच्या कडियम परिसरात आहे. इतक्या दूरच्या ट्रकच्या प्रवासात मुळं सुकू नयेत, हलू नयेत म्हणून असा गोळा सोयीचा. कुंडीत मात्र तोच नडतो. बाहेरची माती सुकते, आतला गोळा ओलाच राहतो, किंवा एकदा का तो वाळून दगड झाला की वरून घातलेलं पाणी कडेने निथळून जातं आणि आत थेंबही शिरत नाही. गोळा पाण्यात भिजत ठेवा, बोटांनी हळूहळू मोकळा करा, निम्मी माती गळू द्या आणि मग लावा.

मिश्रणासाठी कोकोपीटच्या विटा विकत आणायलाच हव्यात असं नाही. बालाघाट-गोंदिया पट्ट्यात राइस मिलची कमी नाही, आणि मिलबाहेर धानाच्या तुसाचे ढीग असतात. तुसात सिलिका भरपूर असल्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि माती महिनोन् महिने भुसभुशीत राहते. एक भाग शेतातली माती, एक भाग तूस, एक भाग जाडी रेती आणि ओंजळभर जुनं शेणखत, एवढं पुरे. तूस जाळलेली राख मात्र यात नको. ती क्षारधर्मी असते आणि बारीक असल्याने फटीही बुजवते. कुंडीला तळाशी भोक हवंच. भोक नसलेली चिनी मातीची सुंदर कुंडी आवडली तर रोप पिशवीसकट तिच्यात ठेवा आणि पाणी द्यायला बाहेर काढा.

सुरुवात कशाने करायची? स्नेक प्लांटने, असं माझं ठाम मत आहे. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. पानं जाड, पाणी साठवणारी. हा आपली पर्णरंध्रं प्रामुख्याने रात्री उघडतो, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उजेडात वापरतो. यावरूनच 'रात्री ऑक्सिजन देणारं झाड' अशी जाहिरात निघाली असावी, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो. झोपायच्या खोलीत तो खुशाल ठेवा, दिसतो छान, एवढं कारण पुरेसं आहे. एक गंमत सांगतो. पिवळ्या काठाच्या जातीचं पान कापून मातीत खोचलंत तर नवं रोप येतं, पण त्याचा पिवळा काठ गायब असतो. काठ हवा असेल तर कंदासकट बुंधा फोडून लावावा लागतो.

दुसरा मनीप्लांट. चोरून आणलेलाच फळतो म्हणतात. चोरायचा असेल तर निदान नीट चोरा. वेलावर पान जिथे निघतं तिथे पेर असतं, आणि पेराजवळ तपकिरी खुंटीसारखं मूळ डोकावत असतं. त्या पेराच्या बोटभर खाली काप घ्या. पेर नसलेलं नुसतं देठाचं पान पाण्यात हिरवं राहील, वेल कधी होणार नाही. घरातली पानं विड्याच्या पानाएवढी राहतात, पण हाच वेल बाहेर आंब्यावर चढला की त्याची पानं सुपाएवढी होतात आणि फाटतात. तेच त्याचं प्रौढ रूप.

तिसरा झीझी प्लांट. पूर्व आफ्रिकेतला, मातीखाली बटाट्यासारखा कंद. हॉलंडच्या रोपवाल्यांनी 1990 च्या दशकात बाजारात आणला आणि मग जगभर पसरला. महिनाभर गावाला गेलात तरी चालतं.

पाणी किती दिवसांनी, याचं एकच उत्तर नाही, कारण आपल्याकडचे तीन ऋतू तीन तऱ्हांचे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. मनीप्लांटला वरचा थर कोरडा लागला की पाणी, स्नेक आणि झीझीला तळापर्यंत कोरडं झाल्यावरच. उन्हाळ्यात कुलरच्या झोताच्या तोंडी कुंडी ठेवू नका. आणि कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची काटकसर तर नकोच नको. टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात, रोज साचत जातात. कुलरच्या जाळीवर पांढरा थर दिसतो ना, तोच मग मातीवर दिसतो आणि पानांची टोकं करपतात. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही तेच. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा स्नेक प्लांटला तीन आठवडे पाणी नाही दिलं तरी तो तक्रार करत नाही. मातीवर बारीक काळी चिलटं घोंगावू लागली तर समजा, ओल जास्त झाली. पौष-माघात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की छपरीतल्या कुंड्या आत घ्या.

हवा शुद्ध होते म्हणून झाडं घेणाऱ्यांसाठी थोडं. 1989 मध्ये नासाच्या वूल्वर्टन यांनी बंद पेट्यांमध्ये प्रयोग केले होते. घर काही बंद पेटी नसतं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा असं दिसलं की एरवी इमारतीत हवा खेळून जितकी स्वच्छता होते तेवढी साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. खिडकी उघडा, स्वस्तात काम होतं.

घरात रांगतं मूल असेल तर मनीप्लांट आणि झीझी वर टांगा. दोन्ही अळूच्या, म्हणजे आपल्या धोप्याच्या कुळातले. कच्च्या धोप्याने घसा खाजवतो, त्याच सुईसारख्या ऑक्झलेटच्या कणांनी यांचं पान चावलं की तोंड पोळतं. बाटलीतलं आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा फेका. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण तो अंडी पाण्याच्या कडेला वर चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही टिकतात. बाटली आतून ब्रशने घासावी लागते.

पुढच्या आठवड्यात कुंडी कधी बदलायची ते पाहू. तोवर ज्यांची झाडं आत्ता मान टाकून उभी आहेत त्यांनी पाणी थांबवावं, रोप उपसावं, काळी बुळबुळीत मुळं कात्रीने कापावीत, पांढरी घट्ट मुळं ठेवावीत आणि नव्या मिश्रणात लावून दोन दिवस एक थेंबही घालू नये.